विद्यापीठ ग्रंथालयासाठी एकत्रित शोधप्रणाली: निवड कशाच्या आधारे करावी आणि सुरुवात कुठून करावी?

प्रश्नकर्ता

सर्व ग्रंथालय-सहकाऱ्यांना नमस्कार.

आमच्या विद्यापीठ ग्रंथालयात वाचकाला आज चार वेगवेगळ्या ठिकाणी शोध घ्यावा लागतो. छापील पुस्तके कोहा या ग्रंथालय-प्रणालीच्या ओपॅकवर (वाचकांसाठीच्या ऑनलाइन तालिकेवर, म्हणजे कॅटलॉगवर) सापडतात, ई-नियतकालिकांची वर्णानुक्रमी यादी वेगळ्या पानावर आहे, शोधप्रबंध डीस्पेस या सॉफ्टवेअरवरील संस्थात्मक भांडारात आहेत आणि लेख हवे असतील तर वर्गणी भरलेल्या प्रत्येक डेटाबेसच्या संकेतस्थळावर स्वतंत्रपणे जावे लागते. नवा विद्यार्थी या चारांपैकी एकाच ठिकाणी शोधतो, तिथे काही मिळाले नाही की ते ग्रंथालयात नाहीच असे धरून चालतो आणि निघून जातो. पुस्तक कपाटात असताना किंवा नियतकालिकाची वर्गणी भरलेली असताना हे घडते, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणूनच एकत्रित शोधप्रणालीचा प्रस्ताव मी ग्रंथालय समितीपुढे ठेवला.

समितीने दोन व्यापारी उत्पादनांची प्रात्यक्षिके पाहिली आणि व्ह्यूफाइंड या मुक्तस्रोत प्रणालीची चाचणी-प्रत आम्ही आमच्याच सर्व्हरवर उभी करून पाहिली. तिन्हींची बाह्य मांडणी जवळजवळ सारखी आहे आणि प्रात्यक्षिकात टाकलेल्या प्रत्येक शब्दाला चांगलेच निकाल आले, त्यामुळे निवड नेमकी कशावरून करायची हे आम्हाला ठरवता येत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे फेडरेटेड सर्च (एकाच वेळी अनेक डेटाबेसांत शोधण्याची सोय) होता. तो इतका संथ होता की वाचकांनी तो सोडून दिला आणि पुढे आम्हीही बंद केला. तसे पुन्हा होऊ नये एवढी खबरदारी मला घ्यायची आहे.

प्रश्न असे: उत्पादनांची तुलना कोणत्या कसोट्यांवर करावी? पुस्तके आणि लेख एकाच यादीत दाखवावेत की वेगवेगळ्या चौकटींत? आमच्या तालिकेतील नोंदी काही ठिकाणी सदोष आहेत, त्या आधी दुरुस्त कराव्यात की प्रणाली बसवल्यानंतर? आणि वाचक गुगल स्कॉलर वापरतातच, मग हा खर्च कशासाठी, असे समितीतील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारले आहे. त्यांना प्रामाणिक उत्तर काय द्यावे?

प्रणाली-व्यवस्थापक, विद्यापीठ ग्रंथालय

नमस्कार. आपला जुना अनुभव आणि आजची उत्पादने यांत एक मूलभूत फरक आहे, तो आधी स्पष्ट करतो, कारण समितीतही तो प्रश्न निघेलच. फेडरेटेड सर्च वाचकाचा शब्द त्याच क्षणी, झेड ३९.५० (ग्रंथालय-प्रणालींमधील शोधाचा शिष्टाचार) किंवा तत्सम जोडणीतून, वीस-पंचवीस डेटाबेसांकडे पाठवत असे आणि सगळ्यांची उत्तरे येण्याची वाट पाहत असे. सर्वांत मंद डेटाबेसच्या वेगाने सारा शोध चाले. प्रत्येकाकडून पहिले काही निकालच येत असल्यामुळे त्यांची एकत्र क्रमवारी लावण्याला फारसा अर्थ नसे, आणि एखाद्या संकेतस्थळाची रचना बदलली की ती जोडणी तुटे. आजच्या डिस्कव्हरी सेवा, म्हणजे आपण पाहिलेल्या एकत्रित शोधप्रणाली, प्रकाशकांचा आणि डेटाबेसांचा मेटाडेटा (शीर्षक, लेखक, विषय अशी माहिती), काही वेळा पूर्ण मजकूरही, आधीच गोळा करून त्याचा एक मध्यवर्ती इंडेक्स (शोधसूची) बांधून ठेवतात. २००९ मध्ये समन आणि २०१० मध्ये एब्स्को डिस्कव्हरी सर्व्हिस व प्रायमो सेंट्रल ही उत्पादने आली ती याच रचनेवर. त्यामुळे वेगाची तक्रार आता बहुधा राहणार नाही. तिच्या जागी दुसरी काळजी घ्यावी लागते: त्या इंडेक्समध्ये काय आहे आणि काय नाही, हे शोधफलकाकडे पाहून कळत नाही.

प्रात्यक्षिकात तिन्ही उत्पादने सारखी दिसली याचे मला आश्चर्य वाटत नाही. आपण जे विकत घेता त्यात चार वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: मध्यवर्ती इंडेक्स, आपल्या वर्गण्यांची नोंद ठेवणारा नॉलेज बेस, निकालापासून पूर्ण मजकुरापर्यंत नेणारा लिंक रिझॉल्व्हर आणि सगळ्यांत वर शोधफलक. प्रात्यक्षिक फक्त शोधफलकाचे होते आणि वाचकाचा अनुभव बिघडतो तो बहुतेक वेळा मधल्या दोन थरांत. शोधात सापडलेला लेख उघडत नाही तेव्हा वाचक नॉलेज बेसला दोष देत नाही, तो ग्रंथालयाला देतो.

म्हणून कसोटी आपल्याच घरातून निवडावी. ओपॅकच्या आणि डेटाबेसांच्या नोंदवहीतून वाचकांनी प्रत्यक्ष टाईप केलेले शंभर-दीडशे शोध काढा, त्यांतील व्यक्तीची ओळख पटवणारा भाग पुसून टाका आणि प्रत्येक शोधासाठी अपेक्षित उत्तर काय असायला हवे ते संदर्भ-ग्रंथपालांकडून आधी लिहून घ्या. मग प्रत्येक विक्रेत्याकडून आपल्या तालिकेची प्रत भरलेली चाचणी-जागा मागा; त्यांच्या नमुन्याच्या तालिकेवर चाचणी घेण्यात वेळ घालवू नका. या शोधांत अवघड नमुने जाणीवपूर्वक ठेवा. 'नेचर', 'सायन्स', 'सेल' अशी एका शब्दाची नियतकालिके टाकून पाहा: तो शब्द लक्षावधी लेखांत असतो, त्यामुळे ते नियतकालिक स्वतः पहिल्या काही निकालांत येते की नाही यावरून क्रमवारीची गुणवत्ता लगेच दिसते. लेखकाचे आडनाव आणि शीर्षकातील एक शब्द, चुकीचे शुद्धलेखन, वाक्यभर लिहिलेला प्रश्न, केवळ आयएसबीएन, लेखाचा पूर्ण संदर्भ जसाच्या तसा चिकटवलेला, असे सगळे प्रकार त्यात असू द्या.

दुसरी चाचणी लिंकांची. आपल्या वर्गणीतील पन्नास लेख निरनिराळ्या प्रकाशकांमधून आणि वर्षांमधून निवडा आणि निकालापासून पूर्ण मजकुरापर्यंत किती क्लिक लागतात, कुठे रस्ता तुटतो, ते हाताने नोंदवा. ओपनयूआरएल ही लेखाचे तपशील दुव्यातच भरून पाठवण्याची पद्धत चांगली आहे आणि निसो या अमेरिकी माहिती-प्रमाणक संस्थेच्या २००४ च्या प्रमाणकामुळे ती सर्वत्र समजली जाते, परंतु ती शेवटी खंड, अंक, पृष्ठ, वर्ष अशा तुकड्यांवर उभी आहे. पुरवणी अंक, नाव बदललेले नियतकालिक आणि खंडक्रमांक नसलेली नोंद अशा ठिकाणी ती हटकून चुकते. जिथे डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक) आहे तिथे थेट त्यावरून जोडणारी प्रणाली अधिक विश्वासार्ह ठरते.

तिसरी गोष्ट विचारून लेखी घ्यायची आहे. आपण वर्गणी भरत असलेल्या डेटाबेसांची यादी देऊन प्रत्येकासमोर तीन उत्तरे मागा: त्याचा मेटाडेटा मूळ पुरवठादाराकडून येतो की दुसऱ्या स्रोतांवरून भरून काढला आहे, विषयशीर्षके आणि सारांश त्यात आहेत की केवळ शीर्षक व लेखक, आणि पूर्ण मजकूर शोधला जातो का. निसोच्या ओपन डिस्कव्हरी इनिशिएटिव्हने २०१४ मध्ये याविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या आणि २०२० मध्ये त्या सुधारल्या. विक्रेते आणि प्रकाशक त्या शिफारशींचे आपण कितपत पालन करतो याची निवेदने प्रसिद्ध करतात. ही निवेदने मागून घ्या. "आमच्या इंडेक्समध्ये अमुक कोटी नोंदी आहेत" या वाक्याला मात्र महत्त्व देऊ नका. आपल्या अभ्यासक्रमांना लागणारे किती आहे, एवढाच आकडा आपल्या कामाचा आहे.

तालिकाकार

वरील उत्तराशी मी सहमत आहे. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर ठाम आहे: नोंदी आधी तपासा. सगळ्या दुरुस्त करणे शक्य नसते हे मला ठाऊक आहे, पण कोणत्या दोषांमुळे नवीन प्रणालीत वाचकाची दिशाभूल होईल ते ओळखून तेवढे तरी आधी हाताळायला हवेत. जुन्या ओपॅकमध्ये हे दोष झाकलेले राहतात, कारण तिथे वाचक एकावेळी एकच नोंद वाचतो. एकत्रित प्रणाली मात्र नोंदीच्या त्याच क्षेत्रांवरून गाळण्या (वर्ष, प्रकार, लेखक यांनुसार निकाल कमी करण्याची सोय), चिन्हे, "ऑनलाइन उपलब्ध" अशी वाक्ये आणि एकत्रीकरण तयार करते.

आमच्या अनुभवातले सर्वांत त्रासदायक उदाहरण ८५६ क्षेत्राचे, म्हणजे मार्क या नोंद-स्वरूपात ऑनलाइन दुवा ठेवणाऱ्या क्षेत्राचे. त्याचा दुसरा निर्देशांक ० असेल तर दुवा मूळ साधनाचा, १ असेल तर त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचा आणि २ असेल तर केवळ संबंधित साधनाचा, म्हणजे अनुक्रमणिका, प्रकाशकाचा परिचय, मुखपृष्ठाचे चित्र वगैरे. आयात केलेल्या हजारो नोंदींत अनुक्रमणिकेच्या दुव्यांवरही निर्देशांक चुकीचा किंवा रिकामा होता. प्रणाली सुरू केल्यावर ही सगळी छापील पुस्तके "पूर्ण मजकूर उपलब्ध" म्हणून दिसू लागली आणि विद्यार्थी अनुक्रमणिकेच्या एका पानावर जाऊन थांबू लागले. ही दुरुस्ती कोहातील समूह-बदलाने एका दिवसात झाली असती. ती आम्ही नंतर केली, आणि दरम्यानच्या काळात गेलेला विश्वास परत मिळवायला बरेच महिने लागले.

साहित्यप्रकाराचेही तसेच. प्रणाली लीडरचे (मार्क नोंदीच्या सुरुवातीच्या संकेत-ओळीचे) सहावे स्थान, ००७ आणि ००८ ही क्षेत्रे वाचून पुस्तक, नकाशा, ध्वनिमुद्रण असे ठरवते. पुस्तकाच्या नोंदीत ००८ मधील २३ व्या स्थानी 'ओ' असेल तर ते ऑनलाइन मानले जाते. ई-पुस्तकाच्या नोंदी छापील नोंदींची नक्कल करून बनवल्या असतील तर हे स्थान बहुधा रिकामे सापडेल. आयएसबीएनकडेही लक्ष द्या. १ जानेवारी २००७ पासून तो १३ अंकी झाला, त्यामुळे जुन्या नोंदींत १० अंकी आणि नव्या नोंदींत १३ अंकी क्रमांक असतात. प्रणाली दोन्हींची सांगड घालते का ते पाहा. उलट बाजूने, अनेक खंडांच्या ग्रंथाला एकच संच-क्रमांक दिलेला असेल तर स्वतंत्र खंड एकमेकांत विलीन होऊन एकच निकाल उरतो आणि तिसरा खंड शोधणाऱ्याला पहिलाच दिसतो.

भांडारातून होणाऱ्या आवकीबद्दल, म्हणजे तिथल्या नोंदी शोधप्रणालीत ओढून घेण्याबद्दल, दोन सूचना. डीस्पेस साध्या डब्लिन कोअर या मेटाडेटा-स्वरूपात नोंदी देते तेव्हा तारखेचे क्षेत्र अनेकदा येते: अपलोड केल्याची तारीख, उपलब्ध झाल्याची तारीख आणि मूळ प्रकाशनाची तारीख. प्रणालीने त्यांतील पहिली उचलली तर १९८५ चा प्रबंध गेल्या वर्षीचा ठरतो आणि वर्षानुसार गाळणाऱ्या संशोधकाला तो कधीच दिसत नाही. दुसरे, ओएआय-पीएमएच या आवकीच्या शिष्टाचारात भांडार हटवलेल्या नोंदींची माहिती ठेवते की नाही हे जाहीर करते, आणि त्याचे तीन पर्याय आहेत: अजिबात नाही, तात्पुरती, कायमची. पहिला पर्याय असेल तर मागे घेतलेला प्रबंध शोधप्रणालीत तसाच राहतो, म्हणून ठराविक काळाने संपूर्ण आवक पुन्हा नव्याने करावी लागते. कोहातून निष्कासित झालेल्या पुस्तकांबाबतही हाच प्रश्न येतो.

आता देवनागरी नोंदींविषयी थोडे सविस्तर, कारण या बाबतीत विक्रेते केवळ "युनिकोड चालते" असे सांगून थांबतात आणि तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे साठवला जातो: काही कळफलक ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य असा क्रम टाकतात, तर काही साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह आणि य असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने ते दोन भिन्न शब्द आहेत आणि एकाने शोधल्यास दुसरा सापडत नाही. संबंध आणि सम्बन्ध, पंडित आणि पण्डित या जोड्या अशाच तपासा. ल्युसीन या शोध-सॉफ्टवेअरवर उभ्या असलेल्या प्रणालींमध्ये, म्हणजे ल्युसीनवरच बांधलेले सोलर वापरणाऱ्या व्ह्यूफाइंडमध्येही, भारतीय लिप्यांसाठी सामान्यीकरणाच्या (शब्दाची वेगवेगळी रूपे एकसारखी करणाऱ्या) गाळण्या उपलब्ध आहेत, परंतु हिंदीसाठी बनवलेला नियमसंच मराठीला जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे. तो ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुसतो, त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' एकच होतात. कोणते भेद पुसायचे आणि कोणते राखायचे हा निर्णय तालिका विभागाने भाषेच्या जाणकारांबरोबर बसून घ्यायचा आहे. तो विक्रेत्याच्या तंत्रज्ञावर सोडू नये. रोमन लिप्यंतर मुख्य क्षेत्रात आणि मूळ लिपी ८८० मध्ये असेल, तर ८८० हे क्षेत्र शोधले जाते का, निकालात दाखवले जाते का, आणि लेखकाच्या गाळणीत एकच लेखक दोनदा येतो का, हे तिन्ही वेगवेगळे तपासावे.

संदर्भसेवा विभाग

मी एक यादी की चौकटी या प्रश्नापुरतेच लिहिते, कारण रोज वाचकांच्या शेजारी बसून शोध घेताना मला दिसते ते समितीच्या चर्चेत बरेचदा येत नाही.

एकच यादी ऐकायला सोपी वाटते. अडचण प्रमाणाची आहे: मध्यवर्ती इंडेक्समध्ये लेखांच्या नोंदी आपल्या पुस्तकांच्या कितीतरी पट असतात आणि त्यांतील पुष्कळांचा पूर्ण मजकूर शोधला जातो, तर पुस्तकाची नोंद म्हणजे शीर्षक, लेखक आणि दोन-तीन विषयशीर्षके. 'ग्रामीण पतपुरवठा' असा शोध घेतल्यावर त्या विषयावरचे पायाभूत पुस्तक चौथ्या पानावर जाते आणि त्याच्या वर पुस्तक-परीक्षणे आणि वृत्तपत्रीय टिपणे येतात. पदवीच्या विद्यार्थ्याला नेमके ते पुस्तकच हवे असते. क्रमवारीत तालिकेच्या नोंदींना अधिक वजन देता येते, ते करून पाहा, पण ते वजन विज्ञानाच्या संशोधकाला अडसर ठरते. त्याला पुस्तके नकोच असतात.

चौकटींची मांडणी, जिला खणांच्या डब्यावरून बेंटो म्हणतात, पुस्तके, लेख, प्रबंध, नियतकालिकांची नावे आणि ग्रंथालयाची माहिती-पाने यांचे पहिले काही निकाल शेजारी शेजारी दाखवते. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने हा मार्ग फार आधी धरला आणि नंतर अनेकांनी तो स्वीकारला. माझा कल या बाजूला आहे. चौकटीचे नाव वाचूनच विद्यार्थ्याला कळते की लेख आणि पुस्तक या वेगळ्या वस्तू आहेत, आणि ते शिकवण्यासाठी मला वेगळे सत्र घ्यावे लागत नाही. दोष एवढाच की मोबाइलवर चौकटी एकाखाली एक येतात आणि खालच्या चौकटींपर्यंत फारसे कोणी पोहोचत नाही, त्यामुळे त्यांचा क्रम विचार करून ठरवावा लागतो.

एक विनंतीही करते. "आता सगळे एकाच ठिकाणी" असे फलक कृपया लावू नका. सगळे तिथे कधीच नसते. वैद्यक, रसायन, विधी अशा विषयांतील पद्धतशीर साहित्य-आढाव्यासाठी मूळ डेटाबेसमध्येच शोधावे लागते, कारण नियंत्रित शब्दसंग्रह, रेणूरचनेवरून शोध आणि पुन्हा जसाच्या तसा करता येणारा शोधक्रम हे सामान्य शोधफलकात मिळत नाही. ती वाट निकालपानावरच ठळकपणे दाखवा. दृष्टिबाधित वाचकांना बरोबर घेऊन पडदा-वाचकावर चाचणी घेणेही विसरू नका. गाळण्यांचा भाग काही ठिकाणी केवळ माऊससाठी बनवलेला असतो आणि प्रात्यक्षिकात तो कोणीही कळफलकावरून वापरून दाखवत नाही.

माजी ग्रंथपाल

ज्येष्ठ प्राध्यापकांच्या प्रश्नाला मी गंभीरपणे घेतो, आपणही घ्यावे. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्वतः विकसित केलेले ओमेगा हे शोधयंत्र होते. संशोधक शोध गुगल स्कॉलर, स्कोपस अशा ठिकाणीच घेतात हे पाहून त्यांनी ते बंद केले, नवी डिस्कव्हरी प्रणाली घेतलीच नाही आणि आपले लक्ष साहित्य पोहोचवण्यावर, म्हणजे परवाने, जोडण्या आणि दूरस्थ प्रवेश यांवर केंद्रित केले. हा निर्णय प्रत्येकाला लागू पडेल असे मी म्हणत नाही. उत्रेख्तचे वाचक आणि आपले वाचक यांच्या सवयी व साधने वेगळी असू शकतात, आणि आपल्या मूळ प्रश्नातील विद्यार्थी तर कपाटातील पुस्तकापर्यंतच पोहोचत नाही, जे गुगल स्कॉलर त्याला सांगू शकणार नाही. तरीही प्रश्न शोधण्याचा आहे की मिळवण्याचा, हे आधी ठरवा.

प्राध्यापकांना प्रामाणिक उत्तर द्यायचे तर मी असे देईन: गुगल स्कॉलर शोधण्यासाठी उत्तम आहे आणि ग्रंथालयाने त्याच्याशी स्पर्धा करण्याचे कारण नाही, त्याच्या सेटिंगमध्ये ग्रंथालयाचा दुवा जोडण्याची सोय आहे, ती लगेच सुरू करावी, कारण त्यासाठी लागणारा लिंक रिझॉल्व्हर आणि नीट ठेवलेल्या होल्डिंग्ज (आपल्याकडे काय उपलब्ध आहे याच्या नोंदी) आपल्याला एरवीही लागणारच आहेत. एकत्रित प्रणालीचे कारण वेगळे आहे. छापील संग्रह, प्रबंध, दुर्मिळ हस्तलिखिते आणि वर्गणीतील साहित्य यांचे एकत्र दर्शन दुसरे कोणीही आपल्या वाचकाला देणार नाही. त्यामुळे नॉलेज बेसवर आधी पैसा आणि माणूस लावा, शोधफलक नंतर आला तरी चालेल, असे माझे मत आहे.

मुक्तस्रोताबद्दलही एक शब्द. व्ह्यूफाइंड विलानोव्हा विद्यापीठात आणि ब्लॅकलाइट व्हर्जिनिया विद्यापीठात सुरू झाले. दोन्ही भक्कम आहेत आणि दोन्हींचा पाया सोलर आहे. पण त्यांच्याबरोबर लेखांचा मध्यवर्ती इंडेक्स येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. परवान्याचे शुल्क वाचले म्हणून प्रणाली फुकट पडली असे समजू नये, कारण तिला कायमस्वरूपी एक जाणकार माणूस लागतो आणि तो सोडून गेला तर काय, याचे उत्तर आधी तयार असावे लागते.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ८५६ क्षेत्राबद्दल वाचून आज सकाळीच अहवाल काढला; आमच्याकडेही अनुक्रमणिकांचे बरेचसे दुवे मूळ साधन म्हणून नोंदलेले आहेत आणि त्यांची दुरुस्ती सुरू केली आहे. 'दुसऱ्या' या शब्दाची चाचणीही घेतली आणि आमच्या चाचणी-प्रतीत दोन्ही रूपांना वेगवेगळे निकाल आले.

सध्या आमचा विचार असा आहे की व्ह्यूफाइंड शोधफलक म्हणून ठेवावा आणि लेखांसाठी व्यापारी इंडेक्स एपीआयने (दोन प्रणालींना जोडणाऱ्या सोयीने) जोडून चौकटींत दाखवावा. प्रणाली सांभाळण्यासाठी दोन सहकारी तयार होत आहेत. तीन गोष्टी अजून विचारायच्या आहेत: नॉलेज बेसची पडताळणी नेमकी कशी करावी, जुना ओपॅक किती काळ सोबत ठेवावा आणि यश मोजण्यासाठी समितीला कोणते आकडे द्यावेत?

प्रणाली-व्यवस्थापक, विद्यापीठ ग्रंथालय

आपली दिशा मला योग्य वाटते. व्ह्यूफाइंडमध्ये चौकटींची मांडणी अंगभूत आहे आणि समन, एब्स्को, प्रायमो यांच्या इंडेक्सना जोडण्याची सोयही आहे. मात्र एपीआयचा वापर करारात स्पष्टपणे लिहून घ्या, कारण काही करारांत तो विक्रेत्याच्या स्वतःच्या शोधफलकापुरताच गृहीत धरलेला असतो.

नॉलेज बेससाठी प्रत्येक प्रकाशकाकडून केबार्ट या नॉलेज बेससाठीच्या प्रमाणित स्वरूपातील यादी मागा आणि ती आपल्या देयकाशी व परवान्याशी ओळीओळीने ताडून पाहा. विक्रेत्याच्या यादीतून "संपूर्ण संच" असे निवडून मोकळे होण्याचा मोह होतो, आणि वर्गणीत नसलेली नियतकालिके उपलब्ध दिसण्याचे सर्वांत मोठे कारण तेच असते. विलंबाचे संकेत काळजीपूर्वक वाचा: 'पी१वाय' म्हणजे सर्वांत अलीकडचे एक वर्ष मिळत नाही, तर 'आर१०वाय' म्हणजे केवळ गेली दहा वर्षे मिळतात. ही दोन अक्षरे उलटली तर उपलब्धतेचे चित्रच उलटे होते. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे आयएसएसएन (नियतकालिकाचे प्रमाणित क्रमांक) वेगळे असतात, तेही तपासा. हे काम एकदा करून संपत नाही. नूतनीकरणाच्या महिन्यात ते दरवर्षी करावे लागते, म्हणून ते कोणाच्या तरी कामाच्या वाटणीत नावानिशी असले पाहिजे. आमच्याकडे पहिल्या वर्षी ते कोणाचेच नव्हते आणि त्याची किंमत वाचकांनी मोजली.

प्रणाली परीक्षेच्या काळात किंवा सत्र सुरू होण्याच्या आठवड्यात बदलू नका. आधी एक संपूर्ण सत्र नवी शोधपेटी मुख्य पानावर "चाचणी" म्हणून ठेवा, जुना ओपॅक जसाच्या तसा चालू द्या, आणि प्रत्येक निकालाशेजारी "दुवा उघडला नाही" अशी कळ द्या, जी दाबली की नोंदीचा क्रमांक आपोआप आपल्यापर्यंत पोहोचेल. देवघेव विभागातील सहकाऱ्यांना सर्वांत आधी दाखवा, कारण पुस्तक कपाटात आहे की बाहेर गेले आहे हे नव्या पडद्यावर उशिरा किंवा चुकीचे दिसले तर पहिली तक्रार त्यांच्याच खिडकीवर येते. उपलब्धता रात्रीच्या आवकीतून न घेता कोहाकडून त्याच क्षणी विचारून घ्यावी. जुना ओपॅक नंतरही तालिकाकारांसाठी आणि सूक्ष्म शोध घेणाऱ्यांसाठी चालू ठेवायला हरकत नाही, मुख्य पानावरून तो हलवला म्हणजे पुरे.

आकड्यांबाबत समितीला आधीच सावध करा. एकत्रित प्रणाली आल्यावर मूळ डेटाबेसांवरील शोधांची संख्या घटते आणि काही जोडण्यांत ती कृत्रिमरीत्या फुगते. म्हणूनच काउंटर या वापर-मोजणीच्या प्रमाणकाच्या पाचव्या आवृत्तीने, जी जानेवारी २०१९ च्या वापरापासून लागू झाली, नेहमीचे, स्वयंचलित आणि फेडरेटेड शोध वेगवेगळे मोजायला सांगितले. शोधांपेक्षा पूर्ण मजकूर उघडल्याची संख्या पाहा. शून्य निकालाच्या शोधांची यादी दर महिन्याला वाचा आणि सुरुवातीला तयार केलेली ती शंभर-दीडशे शोधांची चाचणी दर सहा महिन्यांनी पुन्हा चालवा, कारण इंडेक्स आणि क्रमवारी विक्रेता मधूनच बदलतो आणि ते त्याच्या पत्रकात नेहमी येत नाही.

करारात आणखी एक कलम राहू नये: प्रणाली सोडताना आपल्या होल्डिंग्जची यादी, केलेल्या दुरुस्त्या आणि वापराची आकडेवारी केबार्ट किंवा तत्सम खुल्या स्वरूपात परत मिळेल, आणि वाचकांच्या शोधाच्या नोंदी किती दिवसांनी पुसल्या जातील, हे तारखेनिशी लिहून घ्यावे.

तालिकाकार

'दुसऱ्या'ची दोन्ही रूपे एक करण्याचा नियम लावताना तो इंडेक्स बांधताना आणि वाचकाचा शोध वाचताना, दोन्ही वेळा लागला पाहिजे, एवढे मात्र पाहा. आम्ही तो आधी केवळ इंडेक्सला लावला होता आणि तोवर सापडणाऱ्या नोंदीही सापडेनाशा झाल्या. नियम बदलल्यानंतर सगळा इंडेक्स पुन्हा बांधावा लागतो, म्हणून त्यासाठी सुट्टीचा दिवस ठेवा.